आरशांच्या टोप्या

सकाळी एक अवजड ट्रान्सफॉर्मर घेऊन बार्ज धक्क्याला लागली आणि माईंनी दोन्ही मुलांना एकाच वेळी जेवायला बोलावलं. या घरात गेल्या दोन वर्षांत असं घडलं नव्हतं. धाकटा यायचा, आईच्या हातचं जेवून जायचा, पण थोरला गाडीवर असेल तेव्हाच. रस्त्याच्या एका टोकाला धक्क्याजवळ धाकट्याची खोली, दुसऱ्या टोकाला चौफुलीजवळ हे घर. रस्ता एवढासा, पण दोन भावांना त्याची दोन टोकं पुरली होती.

रस्ता नावाला राज्यमार्ग. नदीच्या धक्क्यापासून निघायचा, कोठारांपाशी एक अवघड वळण घ्यायचा, एक मोरी ओलांडायचा आणि चौफुलीवर महामार्गाला मिळून संपायचा. 'राज्यमार्ग सुरू'च्या पाटीपाशी पेटवलेली सिगारेट 'समाप्त'च्या पाटीला विझते, असं ट्रकवाले म्हणायचे. नाव मोठं, लक्षण खोटं. पण नदीतून येणारं प्रत्येक अवजड धूड याच रस्त्याने बाहेर पडायचं, आणि तीन पिढ्या ते या घरानेच बाहेर काढलं होतं. एकाने गाडी चालवायची आणि एकाने गाडीपुढे उलटं चालायचं.

उलटं चालणं हा पोरखेळ नव्हता. पाठ रस्त्याकडे, तोंड गाडीकडे, हातात दोन झेंडे. मागे लांबलचक ट्रेलर, त्यावर घराएवढा माल. चालवणाऱ्याने रस्ता बघायचाच नाही, फक्त पुढच्याचे हात बघायचे, हा मुलांच्या आजोबांनी, म्हणजे तात्यांच्या वडिलांनी, घालून दिलेला नियम. दोन गोष्टी बघणारा एकही धड बघत नाही, असं ते म्हणायचे. म्हणून गाडी निघण्यापूर्वी चालवणारा पुढच्याच्या देखत दोन्ही आरशांवर ताडपत्रीच्या टोप्या चढवून गाठी मारून घ्यायचा. बाहेरच्या ड्रायव्हरांना हे वेडेपणाचं वाटे. या घरात मात्र गाडी चालवताना रस्त्याकडे बघितलं, याइतका मोठा गुन्हा नव्हता.

टोप्या सुनेच्या, थोरल्याच्या बायकोच्या, हातच्या. घराच्या खालच्या खोलीत तिचं ताडपत्र्या शिवायचं मशीन होतं आणि धक्क्यावरच्या निम्म्या ट्रकांची पांघरुणं तिथूनच जायची. दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी टोप्यांच्या गाठीही तिनेच मारल्या होत्या, कारण थोरल्याचा अंगठा चेचलेला होता. त्या दिवशी एका कारखान्याचा बॉयलर होता. पुढे धाकटा, चालवायला थोरला. कोठारांच्या वळणावर धाकट्याचे हात 'सरळ' म्हणत होते आणि गाडी जराशी वळली. ट्रेलरच्या शेपटाने कोठाराच्या फाटकाचा खांब आडवा केला. थोरला खाली उतरला आणि सगळ्या हमालांसमोर भावाला म्हणाला, "डोळे आहेत की बटणं?"

धाकट्याने झेंडे जमिनीवर ठेवले. एका आरशाची टोपी लोंबत होती, तिच्याकडे त्याने बोट दाखवलं. "वाऱ्याने उडाली," थोरला म्हणाला. धाकटा निघून गेला तो गेलाच. पोर्टाच्या फाटकावर आडवा दांडा वर-खाली करायची नोकरी त्याने धरली. उतारवयात झेंडे पुन्हा तात्यांच्या हातात आले.

वारा त्या दिवशी होता की नव्हता, हे सुनेला कुणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आपल्या हातची गाठ वाऱ्याने सुटत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

*

जेवणाआधी तात्या खालच्या खोलीत आले. दारातून आत येताना डाव्या खांद्याने ताडपत्रीच्या गुंडाळीला धडकले. ती गुंडाळी सकाळपासून तिथेच होती आणि माणसाएवढी उंच होती.

सुनेने मशीन थांबवलं. "तात्या, आज तुम्ही सगळ्यांना सांगून टाका."

"काय सांगू?"

"डाव्या डोळ्याचं."

तात्या स्टुलावर बसले. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती ती हीच. डावा डोळा गेला तो परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी सुनेकडून वचन घेतलं होतं. माईंनासुद्धा ठाऊक नव्हतं. तेव्हापासून त्यांचा पेला, चष्मा, काठी, सगळं ती न चुकता उजव्या बाजूला ठेवत आली होती. गेल्या वर्षभरात मोठा माल आला नव्हता, म्हणून ही झाकली मूठ निभावली.

"एकदाच," तात्या म्हणाले. "हा ट्रान्सफॉर्मर काढतो आणि झेंडे खुंटीला लावतो. एवढा मोठा माल या रस्त्याने कधी गेला नाही, पोरी. माझ्या बापानेसुद्धा नेला नाही."

"वळणावर कोठाराची भिंत तुमच्या डावीकडे येते."

"ती भिंत मला पाठ आहे."

"भिंत पाठ असेल. पण तिथे कुणी माणूस आडवा आला तर? तुमचा पाय घसरला तर? गाडी हे चालवणार. तुमच्या अंगावर त्यांच्या हातून..."

"तू वचन दिलंयस."

"दिलंय. तोंडातून शब्द काढणार नाही."

तात्यांचं समाधान झालं. उठताना ते डावीकडच्या दुसऱ्या गुंडाळीला धडकले आणि गुंडाळीलाच "सरक" म्हणाले. एरवी ती हसली असती.

*

माईंनी टेबल खिडकीशी ओढून घेतलं होतं. टोकाला तात्या, त्यांच्या उजवीकडे थोरला, समोर माई. नणंद नवऱ्याचा निरोप घेऊन आली होती. तिचा नवरा पोर्टावरचा वाहतूक एजंट, तो सकाळपासून धक्क्यावर घामाघूम होत होता. धाकटा सगळ्यांत शेवटी आला. दारात थबकला, तात्यांकडे बघून त्याने मान हलवली, आणि काही उत्तर न आल्यावर त्यांच्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीत मुकाट्याने बसला.

"हे म्हणतायत, नदीचं पाणी उतरतंय," नणंद ताट पुढे ओढत म्हणाली. "उद्या सकाळी माल चढलाच पाहिजे. नाहीतर बार्ज गाळात रुतेल. यांनी पोर्टाला शब्द दिलाय."

"शब्द द्यायला त्यांचं काय जातं," थोरला म्हणाला. "ओढायचं मला आहे."

"तू ओढ ना! तुला कोण नको म्हणतंय? पुढे कोण, ते सांगा. नाहीतर बाहेरची माणसं येतील. आणि बाहेरचे एकदा आले, की उंटाला तंबूत मान घालू दिल्यासारखं होईल."

"पुढे धाकटा चालेल," माई म्हणाल्या. भात वाढावा तितक्या सहज त्या हे म्हणाल्या.

थोरला ताटात बघत राहिला. धाकटाही.

"चालेन," धाकटा हळूच म्हणाला. "दादाने एकदा विचारावं."

"मी काय विचारायचं? ज्याला यायचं तो येतो."

"मग ज्याला नाही यायचं तो नाही येत."

"बघितलंस?" थोरला आईकडे वळला. "याला पालखी हवी. दोन वर्षं दांडा वर-खाली करून याचीच मान ताठ झालीय."

"दांड्याचं एक बरं असतं दादा. तो वाऱ्याने वर जात नाही."

नणंदेला ठसका लागला. माईंनी तिच्या पाठीवर थाप मारली, ती जरा जोरातच. सून पाण्याचा तांब्या घेऊन टेबलाभोवती फिरत होती. थोरल्याचा पेला भरला, माईंचा भरला. हे करायचं असं तिने मशीनवर बसल्या बसल्या ठरवलं होतं, आणि तरी तात्यांच्या खुर्चीपाशी येईपर्यंत तिला वाटत होतं, कुणीतरी आधीच काहीतरी बोलेल आणि आपली सुटका होईल.

"पुरे झालं!" तात्यांनी टेबलावर हात आपटला. "तुम्ही दोघं बसा भांडत. पुढे मी चालतो. विषय संपला. या रस्त्यावरचा दगड न् दगड मला दिसतो. वळणावरची भिंत, मोरीचा कठडा, सगळं दिसतं. अजून तुमच्यापेक्षा..."

बोलता बोलता त्यांचा उजवा हात पेल्याकडे गेला. जिथे रोज पेला असायचा तिथे नव्हता. हाताने टेबल चाचपलं, मिठाची वाटी कलंडली, हात आणखी पुढे गेला, मागे आला. पेला त्यांच्या डाव्या कोपराजवळ होता, काठोकाठ भरलेला.

"तात्या, हा काय इथे," नणंद म्हणाली. "डाव्या हाताशीच तर आहे."

तात्यांनी मान वळवली. नुसती नजर नाही, अख्खी मान वळवली, कोंबडीसारखी, उजवा डोळा पेल्यापर्यंत पोचेपर्यंत. तेवढ्या वेळात टेबलावरच्या सगळ्यांना सगळं कळलं. पेल्याच्या पलीकडे त्यांना धाकटा दिसला आणि ते दचकले.

"तू इकडे बसलायस होय?"

"मी आल्यापासून इथेच आहे," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आल्या आल्या मान हलवली तुमच्याकडे बघून. मागच्या महिन्यात बाजारातसुद्धा हलवली होती. तुम्ही बघितलंच नाही. मला वाटलं, तुम्ही अजून रागावलाय."

माईंनी हातातला घास ताटात ठेवला. "कधीपासून?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि ते नवऱ्याला नव्हे, सुनेला.

सुनेने ओठ घट्ट मिटले.

तात्या खुर्ची मागे सारून उठले. "तोंडातून शब्द काढणार नाही म्हणाली होतीस."

"नाही काढला, तात्या."

"नाही काढलास खरं. हाताने काढलास." ते खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दार आपटलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं. ते हळू लागलं.

शेवटी धाकटा उठला, हात धुऊन आला आणि दारात थांबला.

"दादा, एक सांगू? पुढे चालताना माझी पाठ रस्त्याकडे असते आणि तोंड तुझ्याकडे. तू कुठे बघतोस ते मला दिसत असतं. त्या दिवशीही दिसलं होतं." त्याने चपला पायात सरकवल्या. "तात्यांना कुणी जाऊ देऊ नका. मी त्यांच्यासाठी उद्या सुट्टी काढून घरात बसेन हवं तर. पण तू विचारल्याशिवाय तुझ्यापुढे उलटा चालणार नाही."

*

चारचा चहा सुनेने तात्यांच्या खोलीत नेला. तो तसाच परत आला. मग माईंनी नेला, तो त्यांनी घेतला. सून खाली जाऊन मशीनवर बसली आणि एकच शिवण दोनदा उसवली. आपण बरोबर केलं, हे तिला कळत होतं. पण चारचौघांत त्यांचा चाचपडणारा हात तिच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि तो तिनेच चाचपडायला लावला होता.

थोरला खाली आला. जरा वेळ दोऱ्याची रिळं बघत उभा राहिला.

"तुला सगळं आधीपासून ठाऊक होतं."

"डोळ्याचं ना? हो."

"मला सांगायचंस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तात्यांना गाडीपुढून हटवलं असतं. मग पुढे कोण? भाऊजी. म्हणजे तुम्हाला विचारावं लागलं असतं." तिने दोरा तोडला. "आणि ठाऊक तर मला आणखीही एक आहे. त्या टोपीची गाठ मी मारली होती."

"मग?"

"मग काही नाही. माझी गाठ वाऱ्याने सुटत नाही, एवढंच."

थोरला गुंडाळीवर टेकला. "वळणावर वाटलं, मागचं चाक भिंतीला घासतंय. खिडकीतून हात बाहेर काढला आणि टोपी ओढली. बघितलं. आणि गाडी वळवली."

"घासत होतं?"

"नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "अगं, त्याला सायकल मी शिकवली. मागून धरून पळायचो. सोडतो म्हणायचो, पण सोडायचो नाही. तो पुढे उभा राहिला की मला तोच दिसतो, हाफ चड्डीतला. त्याच्या दोन हातांवर एवढा डोंगर कसा सोडायचा?"

"तुमची भीती समजली. पण बटणं म्हणायची काय गरज होती?"

जाताना त्याने विचारलं, "जाड सुई आहे का तुझ्याकडे? ताडपत्रीची?"

"आहे. का?"

"उद्या घेऊन ये धक्क्यावर."

*

सकाळी धक्क्यावर जत्रा जमली होती. ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवर चढलेला, साखळ्या आवळलेल्या, मागच्या चाकांचं स्टिअरिंग सांभाळणारी दोघं जागेवर, तारा उचलायला वीजमंडळाची माणसं बांबू घेऊन तयार. नणंदेचा नवरा एका फोनवर "निघतोच आहोत" म्हणत होता आणि दुसऱ्यावर "अजून ठरत नाहीये." बार्ज रिकामी होऊन हलकी झाली होती. ट्रेलरपुढची जागाही रिकामी होती.

तात्या आले होतेच. धुतलेले कपडे, काखेत झेंडे, शेजारी माई. त्यांना 'घरी जा' म्हणायची कुणाची छाती नव्हती. फाटकावर धाकटा आडव्या दांड्याशी उभा होता आणि नदीकडे बघत होता.

थोरला केबिनवर चढला. दोन्ही आरशांवर टोप्या चढवल्या. पण गाठी मारल्या नाहीत. सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने बायकोला हाक मारली.

"सुई आणलीस? वर ये. टोप्या शिवून टाक."

"शिवून?"

"खालून-वरून, सगळीकडून. नंतर आरसे फोडून काढाव्या लागल्या तरी चालतील. मला त्या हाताने निघता कामा नयेत."

हमाल एकमेकांकडे बघू लागले. ती शिडीवर चढली. जाड दोरा ओवला आणि टोपीच्या दोन्ही कडा आरशाच्या दांडीमागे ओढून टाके घालू लागली. थोरला शेजारी उभा राहून दोरा ताणून धरत होता. त्याचे कान लाल झाले होते. एक आरसा झाला, मग दुसरा. ती खाली उतरली तेव्हा फाटकाचा दांडा वर गेलेला होता आणि त्याची दोरी नणंदेच्या नवऱ्याच्या हातात होती. त्याला काही कळायच्या आत ती त्याच्या हातात आली असावी, कारण तो दोन्ही फोन बगलेत धरून उभा होता.

धाकटा तात्यांच्या समोर आला. नीट उजव्या बाजूला उभा राहिला.

"तात्या, झेंडे."

तात्यांनी झेंडे काखेतून काढले. लगेच दिले नाहीत. काठ्यांवरून एकदा बोटं फिरवली. त्यांचा चेहरा बघवेना म्हणून माई दुसरीकडे बघू लागल्या. मग त्यांनी झेंडे मुलाच्या हातात ठेवले.

"मोरीपाशी घाई करू नकोस."

"नाही करत."

धाकटा ट्रेलरपुढे जाऊन उभा राहिला. थोरला केबिनमधून त्याच्याकडे बघत होता. धाकट्याने हात वर केला आणि धूड हललं.

गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू चालते. त्यामुळे तात्या काठी टेकत पुढे निघाले तेव्हा त्यांना वळणावर आधी पोचायला अडचण नव्हती. अडचण सुनेची होती. जावं की नाही ते तिला समजेना. मग माईंनीच तिच्या हातात पाण्याची किटली आणि पेला कोंबला आणि म्हणाल्या, "जा. माझे पाय दुखतात." माईंचे पाय ठणठणीत होते.

कोठाराच्या फाटकासमोर एक कट्टा होता. तात्या त्यावर बसले. ती उजवीकडे बसायला गेली.

"तिकडे नको," ते म्हणाले. कालपासूनचे तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द. "उजवीकडचं मला दिसतं."

ती डावीकडे जाऊन बसली. गाडी वळणावर आली. आधी धाकट्याची पाठ दिसली, मग केबिन, मग केबिनमागचं ते करडं, न संपणारं धूड. धाकट्याचे हात अगदी थोडे हलत होते. ट्रेलरचं शेपूट भिंतीकडे सरकू लागलं आणि भिंत नेमकी तात्यांच्या डावीकडे होती.

"शेपूट कुठे आहे?"

"खांबाशी येतंय."

"किती अंतर?"

"माझा पंजा आडवा जाईल एवढं. आता त्याहून कमी."

"धाकट्याचे हात सरळ म्हणतायत," तात्या म्हणाले. ते त्यांना दिसत होतं. "आणि थोरला? तो बघतोय कुठे?"

तिने केबिनकडे बघितलं. थोरल्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायलाही त्याने हात उचलला नव्हता.

"भाऊजींकडे."

"नक्की?"

"दुसरीकडे बघायला आरसे कुठे आहेत, तात्या? मीच शिवलेत."

गाडी सरळ गेली. खांब जागेवर राहिला. शेवटचं चाक फाटकापुढून गेलं तेव्हा कोठारातल्या कुणीतरी शिट्टी मारली. धाकटा उलटाच चालत होता, पण हसत होता. आणि केबिनमध्ये थोरल्याने आता कुठे बाहीने कपाळ पुसलं, भावावरची नजर न काढता.

तात्या गाडी मोरीकडे उतरेपर्यंत बघत राहिले. नंतरही थोडा वेळ रस्त्याकडेच बघत राहिले.

"घसा सुकला," ते म्हणाले.

तिने किटलीतून पेला भरला आणि उजवीकडे जायला उठू लागली.

"बस तू," तात्या म्हणाले. मान न वळवता त्यांनी डावा हात पुढे केला आणि तो तसाच धरून ठेवला. तिने त्यात पेला दिला.